नव्या औषधाबरोबर सांगावयाचे चार शब्द

रत्नागिरी जिल्ह्यातील सर्व डॉक्टर, फार्मासिस्ट व औषधविक्रेते यांस,



हे पत्र जाहीरपणे लिहावे, की आपल्यांपैकी ज्यांच्याशी परिचय आहे त्यांना समक्ष भेटून बोलावे, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु ज्या उणिवेविषयी मला सांगावयाचे आहे ती कोणा एका डॉक्टरची किंवा दुकानदाराची कसूर नसून औषध लिहिण्याच्या व देण्याच्या साऱ्या वहिवाटीतच मुरलेली आहे, आणि वहिवाट एकेकट्याच्या कानाशी लागून बदलत नाही, असे वाटल्यावरून हा मार्ग पत्करला आहे. विषय एवढाच, की रुग्णास एखादे औषध आयुष्यात प्रथमच सुरू केले जाते तेव्हा त्या औषधाने गुण येण्याखेरीज आणखी काय होऊ शकते, त्यातले काय सोसावयाचे, कशासाठी परत येऊन विचारावयाचे आणि काय दिसताच गोळी थांबवून तडक रुग्णालय गाठावयाचे, हे त्यास सांगण्याची जबाबदारी नक्की कोणाची?

माझी हयात महसूल खात्यात गेली. कोणत्या कामाचा जबाबदार इसम कोण हे टिपणीवर स्पष्ट नमूद नसेल तर ते काम होत नाही, आणि दोन शाखांच्या दरम्यान पडलेले प्रकरण दोन्ही शाखांतील माणसे प्रामाणिक असूनही वर्षानुवर्षे धूळ खात राहते, हा तेथला रोजचा अनुभव. नव्या औषधाच्या परिणामांची माहिती ही नेमकी अशी दोन दप्तरांच्या मधली बाब झाली आहे. डॉक्टर समजतात की ते मेडिकलमध्ये सांगतील. मेडिकलमध्ये समजतात की डॉक्टरांनी सांगितलेच असेल, आणि त्यांच्या कामात आपण कशाला तोंड घालावे. रुग्ण समजतो की दोघाही जाणत्यांनी ज्या अर्थी काही सांगितले नाही, त्या अर्थी सांगण्यासारखे काही नसावे. तिघांच्याही समजुती आपापल्या जागी रास्त दिसतात, आणि त्या तिघांच्या मिळून रुग्ण अंधारात राहतो.

माझ्या वडील बहिणीची हकीकत सांगतो. तिला रक्तदाब निघाला आणि शहरातील एका डॉक्टरांनी एनालाप्रिल सुरू केले. औषध योग्यच होते, रक्तदाब उतरला. परंतु काही आठवड्यांनी तिला कोरडी ढास लागली. घशात खवखव आणि रात्री पाठ टेकली की खोकल्याची उबळ. प्रथम अडुळसा झाला, मग खोकल्याच्या बाटल्या, मग छातीचा एक्स-रे, मग थुंकीची तपासणी. क्षयाची शंका घरात शिरली तेव्हा कोणी काही न बोलताच तिचे भांडे वेगळे झाले, अंथरूण माजघरातून पडवीत आले, आणि नातवंडांना तिच्याजवळ जाऊ देईनात. थुंकीत काही निघाले नाही, तरी भांडे वेगळेच राहिले. शेवटी दुसऱ्याच कामासाठी भेटलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी, रोज कोणत्या गोळ्या घेता, असे विचारले. बहिणीने पिशवीतून पट्टी काढून दिली. ती मेडिकलमध्ये कात्रीने अशी कापलेली, की औषधाच्या नावाची शेवटची चारपाच इंग्रजी अक्षरे तेवढी शिल्लक होती. ती अक्षरे त्या बाईंना पुरली. त्यांनी गोळी बदलून दिली, आणि ढास हळूहळू ओसरून काही आठवड्यांत थांबली.

एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या औषधांनी कोरडा खोकला येतो, साधारण दहांतल्या एखाद्याला येतो, औषध बदलले की जातो, आणि त्या जागी देता येण्याजोगी लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी दुसरी औषधे हाताशी आहेत, हे मला त्यानंतर कळले. आपणांस ते विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे. दुर्मीळ अशा एखाद्यास याच औषधांनी ओठ व जीभ सुजून श्वास कोंडतो, हेही आपण जाणता. "या गोळीने कोरडा खोकला येऊ शकतो, आला तर सांगा, ओठ सुजले तर गोळी बंद करून तातडीने दवाखान्यात या." हे वाक्य उच्चारावयास घटकाभरही लागत नाही. ते उच्चारले गेले असते, तर बहिणीची पडवीतली वनवासाची रात्र एकही झाली नसती. मी यात त्या डॉक्टरांना दोषी धरीत नाही. त्यांनी वाक्य टाळले नाही; ते आपले काम आहे असे त्यांना कोणी कधी ठरवून दिलेले नव्हते.

हेच काम जेथे ठरवून दिलेले आहे तेथे ते होते, आणि ते आमच्या डोळ्यांसमोर होते. क्षयाचा उपचार सुरू झालेल्या माणसाला रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. हा रंग पाहून कोणीही घाबरेल; पण वाडीतला रुग्ण घाबरत नाही, कारण आशाताईने किंवा आरोग्यसेवकाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले असते की रंग बदलेल, भिऊ नका, गोळ्या सोडू नका; मात्र डोळे पिवळे दिसले किंवा अंधुक दिसू लागले तर लगेच कळवा. सांगणारी बाई सातवी-दहावी शिकलेली असेल, परंतु ते तिचे काम म्हणून नेमून दिलेले आहे, म्हणून ते सांगितले जाते. आपल्यांपैकी जे म्हणतात की खेड्यातील माणसास या गोष्टी समजावयाच्या नाहीत, त्यांच्यापुढे मी हा एवढाच दाखला ठेवतो.

आमच्या हातखंबा गावाचे ठिकाणही हा प्रश्न अधिक तीव्र करणारे आहे. हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गास रत्नागिरीची वाट मिळते, आणि पालीवरून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारी वाहतूकही येथूनच जाते. आमचा गंभीर दुखण्याचा माणूस रत्नागिरीस जातो, तेथून कोल्हापुरास किंवा मिरजेस, नाही तर मुलगा मुंबईस असतो म्हणून मुंबईस. आणि औषधे सुरू झाली की घरी परततो. ज्यांनी औषध लिहिले ते डॉक्टर घाटापलीकडे राहिले. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठले तर त्याने कोणास विचारावयाचे? कित्येक घरी तर औषध मुंबईचा मुलगाच महिन्याच्या महिन्याला पाठवितो, आणि लिहिणारा, विकणारा व घेणारा या तिघांची कधी गाठच पडत नाही.

त्यातच आमच्याकडील माणसांची कामे पाहा. तिठ्याशेजारी गाडी उभी करून सर्दीवर काहीतरी द्या म्हणणाऱ्या ट्रकचालकास ज्या गोळ्या सर्रास मिळतात, त्यांपैकी अनेकींनी गुंगी येते. आणि येथला उतार व वळण किती अपघातांचे धनी आहेत हे या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. ही गोळी गाडी उभी करून झोपण्यापूर्वी घ्या, एवढे त्या चालकास सांगणे हे माझ्या मते औषध देण्याचाच भाग आहे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही औषधांनी, विशेषतः पहिल्या काही मात्रांच्या वेळी, उठून उभे राहताच भोवळ येते. आणि ज्याला ती दिली तो दुसऱ्या दिवशी झेला घेऊन हापूसच्या फांदीवर किंवा दोर-कोयता घेऊन माडावर चढणार असतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणारी बाई संकष्टीचा उपवास मोडत नाही. गोळी घेते आणि अन्न घेत नाही, आणि अंगारकीच्या दिवशी गणपतीपुळ्याच्या रांगेत घाम फुटून कोसळते. तिला उपवासाविषयी विचारणे हे औषध लिहिणाऱ्याचे काम नाही, असे कोण म्हणेल? भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी कोकणात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात; हेतू स्तुत्य आहे, त्याने प्राण वाचतात. परंतु ही गोळी पोट भरल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावयाची आणि लगेच आडवे व्हावयाचे नाही, नाहीतर अन्ननलिकेस जखम होते. आणि तिने कातडी उन्हास हळवी होते. चिखलात राबून आलेला माणूस रात्री घोटभर पाण्याशी ती गिळतो आणि तसाच घोंगडीवर पडतो. छातीत जळजळ सुरू झाली, की पुढच्या आठवड्याची गोळी तो घेत नाही, आणि साऱ्या योजनेचा हेतू त्या घरापुरता विफल होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण मी मागतो आहे ती मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली २०१५ साली जे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स लागू झाले, त्यांत चिठ्ठी हाती आल्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाशी किंवा त्याच्या काळजीवाहकाशी जातीने आणि आपण होऊन संभाषण सुरू करावे, असे म्हटले आहे. औषधाचे नाव, ते कशासाठी, किती दिवस, कोणती खबरदारी, कोणते सामान्य व गंभीर दुष्परिणाम संभवतात, ते झाले तर काय करावयाचे, एखादी मात्रा चुकली तर काय, औषध ठेवावयाचे कसे, ही सारी कलमे तेथे मांडलेली आहेत. रुग्णाने विचारले तर सांगावे, असे ते कलम नाही. ज्या दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे परंतु फार्मासिस्ट हजर नाही, आणि काउंटरवरचा पोरगा बोटाने रकाने मोजून गोळ्या देतो, तेथे या नियमाचा अंमल होणे शक्यच नाही. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह धरला गेला, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी त्यास कडवा विरोध केला होता. तो वाद उकरण्याची माझी इच्छा नाही. परंतु ती हजेरी कशासाठी मागितली जाते, हे वरील नियमावरून ध्यानी यावे.

डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत समीरा कोहली प्रकरणात असा निर्णय दिला, की उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि त्यास असलेले पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती तीच खरी संमती. तो खटला शस्त्रक्रियेचा होता हे खरे. पण वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळीस संमती देणाऱ्यास कमी माहिती पुरते असे मानण्यास मला आधार दिसत नाही. वेष्टनातील घडीच्या पत्रकाचा हवाला कोणी देऊ नये. मुंगीएवढ्या टायपात छापलेले ते इंग्रजी पत्रक बहुधा डॉक्टरांस उद्देशून असते, आणि पट्टी कापून दिली की ते रुग्णाच्या हाती येतच नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून तीनशे नामांकित औषधांच्या वेष्टनावर जो क्यूआर कोड सक्तीचा झाला, त्यातून औषध अस्सल आहे की नाही ते कळते, कंपनी व मुदत कळते. दुष्परिणाम कळत नाहीत. माणसाने सांगण्याचे काम माणसावरच राहते.

आपल्या अडचणी मी जाणतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत प्राथमिक तपासणीस डॉक्टर रुग्णामागे बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद देतात आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, असे आढळले. आपला देश त्या यादीत बांगलादेशाच्याच अंगाला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी लागलेली रांग पाहिली, की हा दोष त्या टेबलामागे बसलेल्या माणसाचा म्हणवत नाही. परंतु प्रत्येक रुग्णास प्रत्येक वेळी सर्व सांगा अशी माझी मागणीच नाही. जुने औषध पुढे चालू असेल तर मौन चालेल. औषध नवे असेल त्या दिवशी मात्र ते चालणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. सांगितले की रुग्ण धास्तावतो, नसलेली लक्षणेही त्यास जाणवू लागतात, आणि तो औषध सोडतो, असे मला एका जाणत्या डॉक्टरांनीच सांगितले. यात तथ्य आहे. पण न सांगितल्यानेही तो औषध सोडतोच. फरक एवढाच, की मग तो ते लपवून सोडतो, आणि पुढच्या खेपेस रक्तदाब वाढलेला पाहून आपण मात्रा वाढविता. मेटफॉर्मिनने आरंभी पोट बिघडते आणि जेवणाबरोबर घेतल्यास काही दिवसांत बहुधा सुधारते, हे ज्यास सांगितले तो ते दिवस काढतो. ज्यास सांगितले नाही तो गोळ्यांची पट्टी फडताळात टाकून काढ्याकडे वळतो. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते हे गरोदर बाईस ठाऊक नसेल, तर तिची सासूच गोळी बंद करविते. आणि काही औषधे अशी, की ती एकाएकी सोडणे हेच जोखमीचे: फेफऱ्याची औषधे, दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइडे, हृदयाच्या काही गोळ्या. म्हणून भयाचा उपाय मौन हा नव्हे. काय किरकोळ आणि काय गंभीर हे वेगळे करून सांगणे हा आहे. कार्बामाझेपिन घेणाऱ्याच्या अंगावर पुरळ व तोंडात फोड आले तर त्याने पुढच्या तारखेची वाट पाहता कामा नये. मेटफॉर्मिन घेणाऱ्याने गॅस झाला म्हणून रात्री रिक्षा करून धावता कामा नये. हा विवेक त्याच्या ठायी उपजत नसतो.

तेव्हा जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मी देतो. हे औषध याच रुग्णास का, आणि त्याचे वय, पोटाची-मूत्रपिंडाची स्थिती, उपवास, धंदा यांमुळे त्यास विशेष धोका कोणता, हे सांगणे लिहिणाऱ्याचे काम. ते रुग्णास समजले की नाही याची शेवटची खातरजमा करणे ज्याच्या हातून औषध रुग्णाच्या हाती जाते त्याचे काम, कारण त्यानंतर त्या गोळीविषयी बोलावयास कोणी जाणता माणूस भेटणार नाही. आणि जेथे डॉक्टर स्वतःच पुड्या बांधून देतात, तेथे दोन्ही कामे त्यांचीच. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिले जाते. ते आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते, आणि रोज घेतल्याने जगभर माणसे दगावली आहेत. डॉक्टरांनी इंग्रजीत 'आठवड्यातून एकदा' लिहिले आणि मेडिकलच्या पाकिटावर सवयीने रोजची खूण पडली, तर मधली जबाबदारी कोणाची हा वाद घालीत बसण्याची वेळ येऊ नये. अशी गोळी देताना देणाऱ्याने वार ठरवून, पाकिटावर मराठीत लिहून, रुग्णाकडून तो वार वदवून घ्यावा.

डॉक्टरांनी नव्या औषधापुढे चिठ्ठीवर 'नवे' असा शेरा मारावा. त्या एका शेऱ्याने दुकानातील फार्मासिस्टला कळेल की या माणसाशी बोलावयाचे आहे. आज त्यास ते कळण्याचे साधनच नाही. दुकानदारांनी पट्टी अशी कापावी की नाव व मुदत रुग्णाकडे जाणाऱ्या तुकड्यावर राहील. शक्य नसेल तेथे ती पाकिटावर लिहावीत. गर्दीपासून हातभर दूर एक स्टूल ठेवावे, कारण लघवीचा रंग किंवा पाळीचा त्रास यांविषयी चारचौघांत कोणी विचारणार नाही. इंग्लंडात ऑक्टोबर २०११ पासून न्यू मेडिसिन सर्व्हिस नावाची पद्धत आहे: ठरावीक दीर्घ आजारांवरचे औषध प्रथमच सुरू झालेल्या रुग्णाशी फार्मासिस्ट औषध देताना बोलतो, एकदोन आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करतो, त्यानंतर आणखी एकदा करतो, आणि या कामाचा मोबदला त्यास सरकार देते. मोबदल्याची तरतूद आपल्याकडे नाही, ती व्हावी अशी मागणी आपण केलीत तर तिला माझा पाठिंबा आहे. पण 'काही त्रास नाही ना?' असा एक फोन करण्यास मोबदल्याची वाट पाहावी लागू नये.

दुष्परिणाम घडल्यावर त्याची नोंद करणे, हीदेखील आमच्याकडे बेवारस पडलेली बाब आहे. २०१० साली सुरू झालेल्या औषधदक्षता कार्यक्रमाचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा बिनशुल्क क्रमांक, आणि सामान्य रुग्णासही तक्रार कळविता येते. हा क्रमांक मी आजवर एकाही मेडिकलच्या भिंतीवर पाहिलेला नाही. तो लावावयास कागद आणि चिकटपट्टी लागते.

रुग्णांसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. घरातली सर्व औषधे, वैद्यांची चूर्णे आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्या यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत. आणि औषध नवे असेल तर याने काय होऊ शकते, हे संकोच न धरता विचारावे. मात्र विचारण्याचा भार रुग्णावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. ज्यास धोका माहीत नाही त्याने प्रश्न तरी कोणता विचारावा?

शेवटी एक विनंती व एक तयारी. जिल्ह्यातील डॉक्टरांच्या व औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी एकत्र बसून, आपल्या भागात सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या पन्नासेक औषधांच्या मराठी चिठ्ठ्या तयार कराव्यात. तळहाताएवढ्या, ठळक अक्षरांत, 'हे सोसा', 'हे झाले तर विचारा', 'हे झाले तर थांबवा आणि या' एवढ्याच तीन मथळ्यांच्या. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. मजकुराची शास्त्रीय तपासणी तेथील अध्यापकांकडून करून घेता येईल. मसुदे सुवाच्य मराठीत उतरविणे, मुद्रिते तपासणे आणि वाडीवरच्या माणसांस वाचून दाखवून त्यांना कोठे अडते ते टिपून आणणे, ही कामे मी व माझे दोन सेवानिवृत्त सहकारी विनामोबदला करू. डॉक्सीसायक्लिनची चिठ्ठी सर्वांत आधी घ्यावी, म्हणजे ती येत्या भातलावणीपूर्वी आशाताईंच्या पिशवीत पोहोचेल. बैठकीचा दिवस कळवावा. मी हजर राहीन.



आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून
मु. पो. हातखंबा, ता. जि. रत्नागिरी